वठलेलं झाड आणि हिंगाची पुडी

मागच्या मार्चमध्ये शेजारचे एक काका अर्ज लिहून घ्यायला आले. नागऱ्यात लोक माझ्याकडे अर्ज लिहायला येतात, कारण मी मराठीचाही मास्तर आणि उर्दूचाही. कागद कोणत्याही भाषेतला असो, सरांकडे न्या, असं ठरलेलं आहे. काकांचं काम साधं होतं. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर आंब्याचं जुनं झाड आहे, ते वाळलं, तोडायची परवानगी हवी. मी लिहायला बसलो आणि सवयीने विचारलं, "कशानं वाळलं?"

"आपोआपच म्हणा ना सर."

हे "म्हणा ना" मला खटकलं. संध्याकाळी शेताकडे फिरत गेलो. बुंध्याला जमिनीपासून हातभर वर गिरमिटानं पाडलेली पाच भोकं होती, वर शेणमाती लिंपून बुजवलेली. एक लिंपण गळून पडलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच सांगितलं. आधी हिंग भरला, झाडाला काही झालं नाही. मग कृषी केंद्रातून तणनाशक आणलं. दोन महिन्यांत पानं गेली. झाडाच्या सावलीत धान पोटरत नाही, दर वर्षी तेवढा पट्टा वाया जातो, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

अर्ज तसाच राहिला. मी मात्र त्या पाच भोकांच्या मागे लागलो. माणसाने झाडं तोडली हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. माणसाने झाडं उभ्या उभ्या मारली, आणि मारून उभीच ठेवली, हा इतिहास वेगळा आहे. तो आपल्या झाडीपट्टीतूनही जातो आणि माझ्या घरातूनही.

मराठीत यासाठी फार चांगला शब्द आहे, वठणे. झाड पडलं नाही, तुटलं नाही, जळलं नाही, जागेवर उभं राहून सुकलं, म्हणजे वठलं. आमच्या घरात बोलताना त्यालाच ठूँठ म्हणतात, पण ठूँठ म्हटलं की फक्त उरलेला खुंट दिसतो. वठणे हे क्रियापद आहे, त्यात वेळ आहे. आणि झाडाच्या मरण्याला खरंच वेळ लागतो.

झाड उभ्यानं मारण्याची सगळ्यात जुनी रीत म्हणजे बुंध्याभोवती कंकणासारखी साल सोलून काढणे. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. पाणी मात्र त्याच्या आतल्या लाकडातून वर चढतं. साल गोल काढली की अन्नाचा रस्ता तुटतो, पाण्याचा चालू राहतो. झाडाला पहिल्यांदा काही कळतच नाही जणू. पानं हिरवी राहतात, कधी कधी फुलोराही येतो. खाली मुळं उपाशी मरत असतात. एक-दोन पावसाळे जातात आणि मग एका उन्हाळ्यानंतर पालवी फुटत नाही. कुऱ्हाड आणखी आत, पक्क्या लाकडापर्यंत घातली, तर पाण्याचाही रस्ता तुटतो आणि झाड लवकर जातं.

ही युक्ती व्यापाराला उपयोगी पडली ती सागामुळे. ताजा तोडलेला साग जड असतो, पाण्यात बुडतो. ब्रह्मदेशात साग डोंगरातून नद्यांनी वाहून आणायचे. तिथे साग हे राजाचं झाड मानलं जाई आणि त्याचा व्यापार राजाच्या हातात असे. निवडलेल्या सागाला बुंध्याशी खोल खाच घालायची, झाड दोन-तीन वर्षं उभ्यानं वाळू द्यायचं, मग तोडायचं, हत्तींनी ओढून नदीत सोडायचं. उभा वाळलेला साग तरंगतो, आणि चिरल्यावर कमी तडकतो. इंग्रजांनी ही पद्धत तिथून उचलली आणि तिला नियमांची चौकट दिली. १८५६ मध्ये डायट्रिच ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूच्या जंगलांचा अधीक्षक म्हणून आला. कोणत्या घेराचा साग मारायचा, किती मारायचे, किती राखायचे याची मोजणी त्याने लावून दिली. हाच ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. म्हणजे ज्या वनखात्याचं जंगल आज आपण गोंदिया-भंडाऱ्यात पाहतो, त्याच्या पहिल्या अधिकाऱ्याचं नाव ज्या कामाने झालं, त्या कामात सागाला खाच घालून उभ्यानं मारणं हा नेहमीचा भाग होता. यात विशेष क्रौर्य शोधायची गरज नाही. ते लोक झाडाकडे इमारती लाकूड म्हणून बघत होते, आणि मेलेलं झाड त्यांच्या लेखी अर्धं तयार झालेलं लाकूड होतं.

आपल्याकडे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. पुढे १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगढकडे जाणारी रेल्वे भंडारा-गोंदियाच्या मुलखातून गेली. रेल्वेला स्लीपर लागत, पुलांना लाकूड लागे, ठेकेदाराला दोन्हीतून पैसा दिसे. साग, बिजा, हळदू, ऐन ही नावं सरकारी कागदात दाखल झाली. बाकीच्यांना "हलकी झाडं" असं एकगठ्ठा नाव पडलं. तरी आपल्या भागाची एक गोष्ट वेगळी होती. इथलं पुष्कळ जंगल सरकारचं नव्हतं. ते जमीनदार आणि मालगुजारांकडे होतं. नागऱ्याजवळची कामठ्याची जमीनदारी त्यातलीच. १९५१ मध्ये जमीनदारी-मालगुजारी रद्द होऊन हे जंगल सरकारजमा झालं. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, महाराष्ट्र पुढचा.

जंगल कुणाचंही असो, गावाला त्यातून चूल पेटवायची होती. त्यासाठी "निस्तार" हा शब्द आला. आजही म्हातारी माणसं म्हणतात, "हा आमच्या निस्ताराचा जंगल." निस्तारात साधारण समज असा, की हिरव्याला हात लावायचा नाही, वाळलेलं उचलायचं. डोक्यावरची मोळी चालेल, बैलगाडी नाही. ऐकायला किती न्याय्य वाटतं. पण या नियमात एक खोच होती आणि ती लोकांनी लगेच ओळखली. वाळलेलं न्यायला हरकत नसेल, तर हिरव्याला वाळवता येतं. एका पावसाळ्यात साल सोलून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात मोळी तयार. हिरवं झाड तोडलं तर चोर, वाळलेलं नेलं तर निस्तारी.

कायदा करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं सव्विसावं कलम काढून बघा. राखीव जंगलात काय काय करायचं नाही याची यादी आहे. झाड पाडणं, छाटणं, जाळणं, साल किंवा पानं ओरबाडणं, आणि त्यातच झाडाभोवती खाच घालणं हे वेगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. जे कुणी करत नाही त्याची मनाई कायद्यात सहसा लिहीत नाहीत. शेतातल्या झाडांसाठी महाराष्ट्राने १९६४ मध्ये वृक्षतोड नियमनाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, ऐन, बिजा, हळदू, जांभूळ अशी झाडं आहेत. ही तुमच्या स्वतःच्या धुऱ्यावर असली तरी परवानगी लागते. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यात झाड तोडणं या शब्दांतच जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं धरलेलं आहे. म्हणजे काकांची पाच भोकं कायद्याच्या नजरेत कुऱ्हाडच आहेत. पण कुऱ्हाडीचा आवाज होतो, गिरमिटाचा होत नाही. शहरात जाहिरातीच्या फलकाआड येणारी झाडं अशीच एक दिवस गपचूप वाळतात, आणि मग वाळलेलं झाड धोकादायक म्हणून तोडायची परवानगी मिळते.

हिंगाबद्दल दोन वाक्यं. झाडाच्या बुंध्यात हिंग भरला की झाड मरतं हा समज मराठी मुलखात सर्वदूर आहे. हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडच्या एका वनस्पतीच्या मुळाचा वाळलेला चीक. तो आपण रोज वरणात खातो. मला वाटतं, हिंगाच्या नावावर जे मरण खपतं ते खरं तर भोकांचं, सोललेल्या सालीचं आणि त्यातून शिरणाऱ्या बुरशीचं असतं. हिंगानं फक्त माणसाला धीर येतो, आपण काही विष घातलेलं नाही म्हणून.

खरं विष पुढे आलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर मलायात आणि नायजेरियात इंग्रज वनाधिकारी "नको असलेली" झाडं मारायला सोडियम आर्सेनाइट वापरू लागले. बुंध्याला खाच घालायची आणि खाचेत सोमलाचं हे द्रावण ओतायचं. मोठं झाड वाळलं की त्याच्याखालच्या किमती रोपट्यांना ऊन मिळे. लाकडासाठी नव्हे, तर शेजारच्या झाडाला जागा मिळावी म्हणून झाड मारायचं, ही नवी गोष्ट होती. सोमल माणसालाही मारतो, जनावरालाही. म्हणून पुढे रासायनिक तणनाशकं आली. त्यातली दोन, २,४-डी आणि २,४,५-टी, एकत्र करून अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामच्या जंगलांवर विमानांनी फवारली. शत्रू लपतो म्हणून झाडांची पानं गाळायची. दुसऱ्या द्रव्यात बनवतानाच डायॉक्सिन हे भयंकर विष मिसळलं जात होतं, आणि त्याचे भोग तिथली माणसं अजून भोगत आहेत. यातलं पहिलं, २,४-डी, आजही धानातलं तण मारायला विकलं जातं. गोंदियाच्या शेतकऱ्याला त्याचं नाव माहीत आहे, व्हिएतनामचं माहीत नाही. विदर्भाला मात्र विषाची स्वतःची आठवण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळकडे कपाशीवर कीटकनाशक फवारताना वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. तेव्हापासून आमच्या गावात फवारणीचा पंप पाठीवर घेणारा माणूस तोंडाला गमछा तरी बांधतो.

इथवरचा इतिहास सरळ आहे. माणसाला लाकूड हवं, जागा हवी, ऊन हवं, किंवा शत्रू दिसायला हवा, म्हणून त्याने झाड उभ्यानं मारलं. यापुढचा भाग वाचला तेव्हा मी चकित झालो. युरोप-अमेरिकेत गेली काही दशकं वनसंरक्षक स्वतःच, परवानगी घेऊन, पैसा खर्च करून निरोगी झाडांच्या बुंध्यात तणनाशक भरतात. झाड मरावं, पण पडू नये आणि कुणी तोडूही नये, म्हणून. त्यांना हवं असतं ते वठलेलं झाडच.

कारण असं. त्या देशांतल्या वनखात्यांनी शे-दोनशे वर्षं जंगल "स्वच्छ" ठेवलं. वाळलेलं, पोखरलेलं, वाकडं झाड म्हणजे रोगाचं घर, काढून टाका. एकाच वयाच्या झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या. मग लक्षात आलं की जंगलात झाडं आहेत, पक्षी नाहीत. १९६६ मध्ये इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी लिहून ठेवलं होतं, की मेलेलं लाकूड काढून नेलं तर जंगलातले जवळपास एक पंचमांश प्राणी जातात. यात मोठा वाटा किड्यांचा. पण किडे गेले की सुतारपक्षी जातो, आणि सुतारपक्षी गेला की ढोल्या जातात. तेव्हा गेलेली वठलेली झाडं परत कशी आणायची? वाट बघायची तर शंभर वर्षं लागतील. म्हणून काही जणांनी जिवंत झाडं मारून बघितली. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात पाइनच्या झाडांवर केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये छापून आला. त्यात साल सोलणं, तणनाशक टोचणं, शेंडा करवतीनं कापणं, शेंडा चक्क सुरुंगानं उडवणं, अशा वेगवेगळ्या तऱ्हांनी मारलेल्या झाडांची तुलना होती. शेंडा तोडलेली झाडं पक्ष्यांच्या जास्त कामी आली. यात मौज आहे. निसर्गात वीज आणि वादळ नेमकं हेच करतात, शेंडा मोडतात. स्वीडनमध्ये तर तोड करतानाच काही झाडं तीन-चार मीटर उंचीवर कापून त्यांचे खुंट उभे सोडतात.

तणनाशकाचा फायदा एवढाच, की मुळापर्यंत जातं आणि खालून फुटवा येऊ देत नाही. परदेशी, पसरणारं झाड असेल तर ते मरतं आणि ढोलीचीही सोय होते. तोटाही आहे. एकाच जातीच्या शेजारच्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असतात. काही द्रव्यं त्या वाटेनं शेजारच्या झाडात उतरतात आणि ज्याला हात लावला नाही तेही सुकतं. काकांच्या आंब्यापासून दहा पावलांवर दुसरा आंबा आहे. त्याच्या शेंड्याकडे मी आता रोज बघतो.

वठलेल्या झाडात नेमकं काय घडतं, हे माझ्या उर्दूच्या वर्गातल्या मुलांना मी दोन गोष्टींवरून सांगतो. दोन्ही त्यांना मदरशातून आधीच माहीत असतात. हजरत सुलेमान काठीला टेकून उभे असताना वारले आणि जिन्न कामच करत राहिले. लाकूड खाणाऱ्या कीटकानं काठी आतून पोखरली, ती मोडली, तेव्हा कळलं. आणि दुसरी, सुलेमानांना सबाच्या राणीची खबर आणणारा हुदहुद. मुलं हुदहुदला सुतारपक्षी समजतात. नव्हे, तो हुप्पो, डोक्यावर पंखा असलेला, जमिनीत चोच खुपसणारा. पण घरटं तो झाडाच्या पोकळीतच करतो. कीटक लाकूड पोखरतो, पोकळी होते, तिथे पाखरू राहतं. दोन गोष्टींचा असा धागा मुलांना आवडतो.

जंगलात ते याच क्रमानं होतं. झाड मरतं तशी साल सुटायला लागते. खाली भुंगेऱ्यांच्या अळ्या बोगदे काढतात. मग बुरशी येते, लाकूड मऊ पडतं. मऊ लाकडात सुतारपक्षी आणि तांबट चोचीनं घर कोरतात. हे दोघं दर वर्षी नवीन घर कोरतात आणि जुनं सोडून देतात. ते रिकामं घर घ्यायला बाकीचे टपलेले असतात. पोपट, मैना, पिंगळा, नीलपंख, हुप्पो, सातेरी मधमाश्या, रात्री बाहेर पडणारी उडती खार. यातल्या कुणालाही स्वतः लाकूड कोरता येत नाही. आपल्या तलावांच्या जिल्ह्यात तर बदकंही या रांगेत आहेत. नकटा, अडई, काणूक ही पाण्यावरची पाखरं, पण अंडी घालतात जुन्या झाडांच्या ढोलीत. कोहळी लोकांनी बांधलेल्या नवेगावबांधसारख्या तलावावर पाणी भरपूर असून बदकाला घर नाही, असं होऊ शकतं. पाळीवरची जुनी झाडं गेली की झालं.

सलीम अलींची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. १९०८ च्या सुमारास मुंबईत एका मुलानं छर्ऱ्याच्या बंदुकीनं चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं, आणि पुढचं सगळं घडलं. गोष्टीत एक तपशील कुणी सांगत नाही. ती रानचिमणीसुद्धा झाडाच्या भोकातच घरटं करते.

आणि रानपिंगळा. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आपल्या पूर्वेला, आज छत्तीसगढात असलेल्या फुलझरच्या भागात एक छोटं घुबड मिळवलं. पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचं नाव दिलं. हे ह्यूम म्हणजे काँग्रेस स्थापन करणारेच. पुढे खानदेशात आणखी काही मिळाली, १८८४ नंतर एकही नाही. घुबड नामशेष झालं असं धरलं गेलं. मग २५ नोव्हेंबर १९९७ ला पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना ते शहाद्याजवळच्या जंगलात दिसलं, भर दिवसा, उघड्या फांदीवर. एकशे तेरा वर्षांनी. तेही ढोलीतलं पाखरू. जुनं, पोकळ, मोडकं झाड जिथे उरलं, तिथे ते उरलं.

आता नागझिरा. १९७० चं अभयारण्य. नवेगाव १९७५ चं राष्ट्रीय उद्यान. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही आणि आसपासची जंगलं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. इथे वठलेल्या झाडाचं नशीब एका तारखेनं बदललं. १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, की राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, मरणाला टेकलेली, वाऱ्याने पडलेली झाडं, वाहून आलेलं लाकूड आणि गवत काढून नेण्याचे हुकूम राज्यांनी देऊ नयेत. मेलं म्हणून न्यायचं, ही जुनी वाट संरक्षित जंगलापुरती बंद झाली. मेलेल्या झाडाला जिवंत झाडाइतकं संरक्षण देणारा हा आदेश मला फार मोठा वाटतो. परदेशात जे विष टोचून परत आणावं लागतं, ते आपल्याकडे नुसतं जागेवर राहू दिलं की मिळतं. आपल्या जंगलात वाळवी, वणवा, वीज, वादळ, सगळे कारागीर अजून कामावर आहेत. इथे जंगल राखण्यासाठी कुणी झाडात तणनाशक टोचायची कल्पना मांडली, तर मी विरोध करीन. अपवाद परदेशी रोपवनांचा, आणि तिथेही आधी करवत वापरून बघा म्हणेन.

पण मला इथे थांबता येत नाही. काठावरच्या गावातली बाई सकाळी मोळीला जाते ती हौसेनं नाही. मोहफूल, तेंदूपान, सरपण, या तिन्हीसाठी वाकलेली माणसं वाघाला माणसासारखी दिसत नाहीत, आणि असे बळी विदर्भात दर वर्षी जातात. २०१५ पासून जन-वन विकास योजनेत बफरमधल्या गावांना अनुदानावर गॅस दिला, २०१६ मध्ये उज्ज्वला आली. चुलीच्या बाजूला शेगडी आली हे खरं. टाकी भरायला पैसे नसले की शेगडीवर पातेली पालथी घालून ठेवलेली मी विद्यार्थ्यांच्या घरी पाहिली आहेत. रानपिंगळ्याची ढोली आणि त्या घरातला सकाळचा चहा हे दोन्ही एकाच लाकडावर चालतात. पक्षीमित्रांच्या लेखनात ही बाई आली पाहिजे, ती सहसा येत नाही.

राहता राहिलं माझं घर.

माझे अब्बा गोंदियात लाकडाच्या एका टालीवर मुन्शी होते. तीन एकर धानाची शेती, धुऱ्यावर एक मोह. मोहाची फुलं आम्ही वेचत नसू, शेजारच्या बाया वेचत. अम्मी हसून म्हणायची, "हमारे झाड की है, मगर हमारे काम की नहीं." १९९४ मध्ये आपाचं लग्न ठरलं आणि पैशांची जुळवाजुळव सुरू झाली. मोह अनुसूचीत. हिरवा तोडायचा तर कागदपत्रं, फेऱ्या. टालीवरच्या माणसानं अब्बांना सुचवलं, वाळला तर सोपं जाईल. त्या पावसाळ्यात अब्बांनी बुंध्याभोवती वीतभर रुंद साल सोलली. मी कंदील धरला होता. साल ओली होती, आतून तांबूस, हाताला चिकट. पुढच्या वर्षी मोह नेहमीसारखा फुलला. बाया फुलं वेचून गेल्या. अब्बा त्या दिवशी शेतावर गेले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी पालवी आली नाही.

गिऱ्हाईक आलं, कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर ठोकलं आणि म्हणालं, पोकळ आहे, जळाऊचा भाव देतो. आपाचं लग्न तोवर कर्ज काढून होऊन गेलं होतं. अब्बा म्हणाले, "खड़ा है तो खड़ा रहने दो." कर्ज फिटायला चार वर्षं लागली. मोह उभा राहिला. तिसऱ्या वर्षी सोनपाठी सुतारानं वरच्या फांदीत भोक पाडलं. पुढे पोपट आले, मग एका चैत्रात नीलपंखाची जोडी. टालीवर रोज लाकडाचे घनफूट मोजणारा माणूस संध्याकाळी धुऱ्यावर बसून त्या भोकाकडे बघत बसायचा. कुणी सरपणाला मागितलं की म्हणायचा, "अगले साल." २००३ च्या उन्हाळ्यात वादळात मोह पडला. अब्बांनी त्यातलं एक ढलपंही विकलं नाही, शेजाऱ्यांना नेऊ दिलं. या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि मीही कंदिलाची आठवण काढली नाही.

काका परत आले ते एप्रिलच्या सुरुवातीला. मी अर्ज लिहून ठेवला होता. झाड वाळलेले आहे, असं लिहिलं होतं. "नैसर्गिकरीत्या" हा शब्द त्यांनी मागितला होता, तो लिहिला नव्हता. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"सर, तो शब्द राहिला."

"तो मी नाही लिहिणार, काका."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि चहा पिऊन गेले. अर्ज त्यांनी पुढे दिला की दुसरीकडून लिहून घेतला, मी विचारलेलं नाही. आंबा अजून उभा आहे. परवा फजरनंतर तिकडून आलो, तेव्हा वाळलेल्या फांदीवर तांबटाची टुक्-टुक् चालू होती.